मोनेरोमध्ये सगळंच लपलेलं असतं, मग एकच नाणं दोनदा खर्च केलेलं पकडतात कसं?

तुम्ही विचारलंय की मोनेरो या क्रिप्टो चलनात पाठवणारा, घेणारा आणि रक्कम यातलं काहीच दिसत नसेल, तर फसवणूक अडवतो कोण, आणि पोलिसांना खरंच काही सापडत नाही का. पहिला प्रश्न जास्त मजेशीर आहे, म्हणून आधी तो घेतो.

बिटकॉइनची वही उघडी असते. कुठल्या पत्त्यावरून कुठे किती गेले हे कुणीही वाचावं, त्यामुळे नोडचं, म्हणजे वही जपणाऱ्या आणि व्यवहार तपासणाऱ्या संगणकाचं, काम सोपं. हे नाणं आधी खर्च झालंय का? झालं असेल तर व्यवहार बाद. एप्रिल २०१४ मध्ये सुरू झालेल्या मोनेरोत ही सोय नाही. इथे नोड व्यवहार वाचू शकत नाही, फक्त तपासू शकतो.

आपण ज्याला नाणं म्हणतोय ते म्हणजे आधीच्या कुठल्यातरी व्यवहारातून आलेलं एक आउटपुट. ते खर्च करताना तुमचं वॉलेट साखळीवरची (म्हणजे त्या सामायिक वहीतली, ब्लॉकचेनवरची) इतरांची १५ आउटपुट आडोशाला घेतं आणि १६ जणांच्या वतीने एकच सही करतं. हीच रिंग सिग्नेचर. या १६ पैकी कुणातरी एकाच्या खासगी किल्लीने (खर्च करायला लागणाऱ्या गुप्त संख्येने) सही झाली आहे, एवढंच नोडला पडताळता येतं. कुणाच्या, ते नाही. ज्यांची १५ आउटपुट घेतली त्यांना विचारावं लागत नाही, त्यांना पत्ताही नसतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे की इमेज. आउटपुटच्या खासगी किल्लीवरून गणिताने एक आकडा निघतो आणि तो सहीसोबत जोडावाच लागतो. एका आउटपुटचा आकडा कायम एकच. त्यावरून उलट मूळ आउटपुट शोधता येत नाही, आणि खोटा आकडा टाकला तर सही जुळत नाही. नोड आजवरच्या सगळ्या की इमेजची यादी ठेवतो आणि तोच आकडा पुन्हा आला की व्यवहार फेकून देतो. मतदानाच्या शाईसारखंच, फक्त इथे बोट दिसत नाही, नुसता ठसा दिसतो.

याची एक किंमत मोजावी लागते. कुठलं आउटपुट खर्च झालं हे नोडला ठाऊक नसल्यामुळे आउटपुटच्या यादीतून कुठलंच काढून टाकता येत नाही. ती वाढतच राहते.

घेणाऱ्याचं लपणं त्यामानाने सरळ आहे. तुमचा ४ ने सुरू होणारा ९५ अक्षरांचा पत्ता साखळीवर कधी येतच नाही. पाठवणाऱ्याचं वॉलेट त्यावरून दर वेळी एकदाच वापरायचा नवा पत्ता बनवतं, आणि तुमचं वॉलेट आपल्या व्ह्यू कीने (फक्त बघायच्या किल्लीने) प्रत्येक आउटपुट चाचपून बघतं की हे माझं आहे का. मोनेरोचं वॉलेट सिंक व्हायला जीव खातं ते याचमुळे.

रक्कम मात्र सुरुवातीला उघडीच होती! जानेवारी २०१७ मध्ये रिंगसीटी हे रक्कम लपवणारं तंत्र आलं, त्याच वर्षी सप्टेंबरात ते सक्तीचं झालं. आता प्रत्येक रक्कम एका गुप्त यादृच्छिक संख्येत गुंडाळून लिहिली जाते. गुंडाळलेल्या अवस्थेतही बेरीज जुळते का ते तपासता येतं: आलेली बरोबर गेलेली अधिक फी. फी तेवढी उघडी. पण नुसती बेरीज पुरत नाही. माझ्याकडे ५ असताना मी १०५ आणि उणे १०० अशी दोन आउटपुट केली तरी बेरीज जुळेलच, आणि मी हवेतून १०० नाणी काढली. म्हणून कुठलीच रक्कम उणे नाही याचाही पुरावा जोडावा लागतो. हे पुरावे फार जाडजूड असत. ऑक्टोबर २०१८ मध्ये बुलेटप्रूफ्स नावाचे आटोपशीर पुरावे आल्यावर व्यवहाराचा आकार जवळजवळ ८० टक्क्यांनी घटला.

आता पोलीस. 'मोनेरोचा माग काढणं अशक्य' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जुना इतिहास बघावा. पहिली काही वर्षं आडोसा न घेताही व्यवहार करता येत होता. अशा व्यवहारात आउटपुट खर्च झालेलं उघड दिसायचं, मग तेच दुसऱ्याच्या आडोशाला आलं की ते खोटं हे लगेच कळायचं, आणि एकेक वजा करत खरं हाती लागायचं. संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की फेब्रुवारी २०१७ पूर्वीच्या, आडोसा घेतलेल्या खर्चांपैकीही साठ टक्क्यांहून जास्त असे उलगडता येतात. आडोसा २०१६ मध्येच सक्तीचा झाला होता, पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये रिंग ११ ची आणि ऑगस्ट २०२२ मध्ये १६ ची झाली. माझ्या मते १६ हा आकडा अजूनही लहानच आहे.

अमेरिकेच्या आयकर खात्याने सप्टेंबर २०२० मध्ये मोनेरोचा माग काढणाऱ्याला ६,२५,००० डॉलरपर्यंत देऊ केले होते, यावरून काम किती अवघड आहे ते कळतं. प्रत्यक्षात माणूस सापडतो तो गणित फोडून नव्हे, बहुधा कडेला: केवायसी केलेल्या एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारात) घेतलं, तासाभरात जवळपास तेवढीच रक्कम दुसऱ्या एक्स्चेंजवर टाकली. किंवा दुसऱ्याच्या नोडला वॉलेट जोडलं, त्याला आयपी पत्ता दिसला. ही कड सरकारांनाही कळते. बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो काढून टाकलं, आणि भारतात मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आलेत.

भारतात नफ्यावर ३० टक्के कर आहेच, नाणं कितीही गुप्त असलं तरी. सीएला हिशेब दाखवताना नुसती व्ह्यू की देऊ नका, तिने फक्त आलेले पैसे दिसतात. गेलेले दाखवायला वॉलेटमधून की इमेजही एक्स्पोर्ट करून द्याव्या लागतात.