हवामान बदल, शेतीची कामे आणि घरातील वाटणी: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

हवामान बदलाविषयी सल्ला देताना आम्ही कृषी अधिकारी बहुधा वाण, पाणी, खत आणि कीड यांवर बोलतो. तो सल्ला घरातील कोणाच्या कानी पडतो आणि त्यामुळे वाढणारे काम कोणाच्या वाट्याला येते, हा विचार मात्र मागे राहतो. आलेल्या प्रश्नांपैकी या बाजूशी निगडित असलेले प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: पाऊस लांबला किंवा पूर आला, तर नुकसान सगळ्या घराचे होते. मग या चर्चेत स्त्री-पुरुष हा भेद कशासाठी आणायचा?

पाऊस भेद करीत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु संकट येते तेव्हा जमीन, पाणी, कर्ज, माहिती आणि हाताशी असलेला वेळ यांची वाटणी आधीच झालेली असते, आणि नुकसान किती होणार हे बऱ्याच अंशी त्या वाटणीवर ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये कमी व मध्यम उत्पन्नाच्या २४ देशांतील ग्रामीण कुटुंबांची माहिती तपासली. उष्णतेच्या ताणामुळे होणारे उत्पन्नाचे नुकसान पुरुषप्रमुख कुटुंबांपेक्षा स्त्रीप्रमुख कुटुंबांत सरासरी ८ टक्क्यांनी, तर पुरामुळे होणारे नुकसान ३ टक्क्यांनी अधिक आढळले. याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार, सारख्याच आकाराच्या शेतांची तुलना केली असता स्त्रिया सांभाळत असलेल्या शेतांची उत्पादकता सुमारे २४ टक्क्यांनी कमी भरते.

हा आकडा वाचून स्त्रियांना शेती कमी कळते असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. पेरणीला योग्य वाफसा थोडेच दिवस टिकतो, त्या दिवसांत सगळ्यांनाच ट्रॅक्टर हवा असतो, आणि जिच्याकडे रोख रक्कम नाही किंवा जिच्या शब्दावर उधारी मिळत नाही, तिच्या शेताची पाळी शेवटी लागते. तोवर वरचा थर सुकतो, उगवण विरळ होते, आणि हंगामाअखेरीस तेच कमी उत्पादन आकडेवारीत दिसते. पाऊस नियमित असताना असा उशीर खपून जात असे. पावसाचे खंड वाढल्यापासून तो खपत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२३ च्या अहवालानुसार, ज्या घरांच्या आवारात पाण्याची सोय नाही अशा दर दहापैकी सात घरांत पाणी आणण्याचे काम स्त्रियांकडे व मुलींकडे असते. जवळची विहीर आटली की हा वेळ वाढतो, आणि तो खुरपणीतून, विश्रांतीतून किंवा मुलीच्या शाळेतून वजा होतो. आपत्तीत तर जिवाचाच प्रश्न येतो. १९९१ च्या चक्रीवादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ४० हजार माणसे दगावली आणि मृतांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक होते. इशारा बाहेर वावरणाऱ्या पुरुषांना आधी कळला, आणि लहान मुलांना घेऊन घर सोडायचे की नाही हा निर्णय अनेकींना एकटीने घेता आला नाही. आज तेथील चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमाच्या स्वयंसेवकांत जवळपास निम्म्या स्त्रिया आहेत, आणि हा बदल नुसता दिखाऊ नाही.

पुरुषांच्या वाट्यालाही वेगळे धोके येतात. अमेरिकेत पुराने होणाऱ्या मृत्यूंत पुरुषांची संख्या अधिक असते, कारण वाहत्या पाण्यात गाडी घालण्याचे धाडस तेच अधिक करतात. रात्रीचे ओलीत, फवारणी आणि कर्ज अंगावर घेतल्याचा ताण ही जोखीम अनेक ठिकाणी पुरुषांकडेच असते. म्हणून कोणते काम कोण करते हे पाहिल्याशिवाय दिलेला हवामान सल्ला अपुरा राहतो, असे माझे मत आहे.

प्रश्न: पती कामासाठी वर्षातील बहुतेक काळ बाहेर असतात आणि शेती मीच पाहते. जमीन सासऱ्यांच्या नावे आहे. हवामानाचे संदेश पतीच्या फोनवर येतात, आणि नुकसानीच्या वेळी माझे नाव कोठेच नसते. मी काय करावे?

आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देत आहे. नोंदी एकाच्या नावे आणि शेती दुसऱ्याच्या हाती, ही स्थिती पुरुषांच्या स्थलांतरासोबत जगभर वाढली आहे.

सर्वांत सोपे काम आधी करावे. सल्ला व इशारा देणाऱ्या यादीत आपला स्वतःचा फोन क्रमांक नोंदवावा. त्यासाठी जमीन नावावर असण्याची गरज सहसा नसते. तरीही नोंदणी करणारा कर्मचारी सवयीने घरातील पुरुषाचा क्रमांक लिहून घेतो. उद्या दुपारनंतर जोराचा पाऊस आहे, हा संदेश दूर असलेल्या पतीने संध्याकाळी वाचून कळविला, तर तोवर आपण खत टाकून मोकळ्या झालेल्या असता आणि ते खत पाण्याबरोबर वाहून जाते. वाचणे अवघड जात असेल, तर आवाजी संदेशाची सोय आहे का, हे विचारावे.

दुसरे, सासऱ्यांकडून शेत कसण्याविषयी लेखी संमतिपत्र घ्यावे. त्यात क्षेत्र, मुदत आणि पीक घेण्याचा आपला अधिकार स्पष्ट लिहावा. मालकी बदलण्याचा विषय घरात निघाला की अनेकदा अबोला धरला जातो. कसण्याच्या संमतीला मात्र लोक लवकर तयार होतात. कर्ज, विमा किंवा भरपाईसाठी हा कागद कितपत चालेल हे आपल्याकडील नियमांवर अवलंबून राहील, तेव्हा हंगामापूर्वीच संबंधित कार्यालयात विचारून ठेवावे. सोबत एक वही ठेवावी. पेरणीची तारीख, बियाण्याचे वाण व पावती, मजुरीचा खर्च आणि नुकसान झाल्यास त्याच दिवशी काढलेले छायाचित्र यांची नोंद असेल, तर शेत कोण करते हे सिद्ध करायला दुसऱ्याच्या शब्दाची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट नावाची. ती वेळ घेते, परंतु सोडून देऊ नये. इथिओपियाच्या अम्हारा प्रदेशात २००३ नंतर जमिनीची प्रमाणपत्रे पती-पत्नीच्या संयुक्त नावाने आणि दोघांच्या छायाचित्रांसह दिली गेली. रवांडात जमीन नोंदणीच्या प्रायोगिक टप्प्यानंतर मृदसंधारणावरील गुंतवणूक वाढली, आणि ही वाढ स्त्रीप्रमुख कुटुंबांत अधिक होती. यामागचे कारण कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. बांध घालणे, झाडे लावणे, सेंद्रिय कर्ब वाढविणे यांचे फळ काही वर्षांनी मिळते; पुढच्या वर्षी ही जमीन आपल्याकडे राहील की नाही याची शाश्वती नसेल, तर असा खर्च कोणी करीत नाही. हवामान बदलाला तोंड देण्याचे बहुतेक टिकाऊ उपाय याच प्रकारचे असल्यामुळे जमिनीच्या नोंदीला मी कृषी सल्ल्याचाच भाग मानतो.

प्रश्न: आमच्या पाणी व वन समितीत नियमाप्रमाणे दोन स्त्रिया घेतल्या आहेत. त्या बोलत नाहीत. मग त्यांना घेऊन उपयोग काय?

दोनच घेतल्या, हेच त्यांच्या न बोलण्याचे एक कारण असू शकते. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधील सामुदायिक वनगटांचा अभ्यास केला. कार्यकारी समितीत स्त्रियांचे प्रमाण साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश झाले की त्या बैठकांना अधिक येतात आणि अधिक बोलतात, असे त्यांना आढळले. ज्या समित्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते, तेथे जंगलाची स्थितीही अधिक सुधारलेली दिसली. म्हणजे प्रश्न केवळ प्रतिनिधित्वाचा नाही, जंगल वाचण्याचाही आहे.

असे का होते, हे आपल्या समितीच्या एखाद्या ठरावावरूनच पाहता येईल. जंगल वाढावे म्हणून पाच वर्षे कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचा ठराव होतो. बैठकीतील पुरुषांना घरबांधणीच्या लाकडाची चिंता असते, ते लाकूड क्वचितच लागते, त्यामुळे बंदी त्यांना जड जात नाही. सरपण आणि चारा मात्र रोज लागतो. तो आणणारी स्त्री दूरच्या जंगलात जाते किंवा पहाटे लपून याच जंगलात शिरते, आणि पकडली गेली तर दंड तीच भरते. नियम करताना तिला विचारले असते, तर वाळलेली फांदी उचलू द्यावी, गवत ठरावीक आठवड्यांत कापू द्यावे, अमुक भाग बंद ठेवून तमुक भाग खुला ठेवावा, असे पाळता येण्याजोगे नियम तिने सुचविले असते. शिवाय तोड कोठून होते, कोणता झरा आधी आटतो, कोणते गवत जनावरे खात नाहीत, ही माहिती रोज जंगलात जाणाऱ्या माणसाकडेच असते.

समितीने बैठकीची वेळ आधी तपासावी. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या किंवा धार काढण्याच्या वेळी ठेवलेल्या बैठकीला कोणी स्त्री येणार नाही, आणि आली तरी तिचे लक्ष घराकडे राहील. विषयपत्रिका दोन दिवस आधी स्त्रियांच्या बचत गटात वाचून दाखवावी, म्हणजे बैठकीला येणारी सदस्य एकटीचे नव्हे, गटाचे मत घेऊन येईल. भूमिहीन कुटुंबातील स्त्रियांना अवश्य घ्यावे. सरपण व चाऱ्यासाठी सामाईक जमिनीवर त्यांचीच भिस्त सर्वाधिक असते, आणि माझ्या पाहण्यात, गरज मोठी असल्यामुळे त्या स्पष्टही बोलतात.

प्रश्न: पाणी वाचविण्यासाठी भाताला आलटून पालटून ओले-कोरडे पाणी देण्याची पद्धत घ्यावी असे सांगितले जाते. घरातील स्त्रिया मात्र तयार नाहीत. त्यांना कसे समजवावे?

समजविण्याआधी त्यांचे ऐकून घ्यावे. ही पद्धत चांगली आहे. छिद्रे पाडलेली नळी शेतात रोवायची, नळीतील पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरू द्यायची आणि मग पुन्हा पाणी द्यायचे. फुलोऱ्याच्या काळात मात्र शेतात पाणी ठेवायचे. यात ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते आणि मिथेन वायूचे उत्सर्जनही बरेच कमी होते. परंतु साचलेले पाणी तण दाबून ठेवते, हे विसरू नये. पाणी कमी झाले की तण वाढते, आणि निंदणी जर घरातील स्त्रियाच करीत असतील, तर पंपाच्या खर्चातील बचत एकाची आणि वाढलेले काम दुसरीचे, असा हिशेब होतो. आफ्रिकेत शून्य मशागतीच्या प्रसारातही हेच घडले. नांगरणीचे काम वाचले ते बहुतांशी पुरुषांचे, आणि तणनाशक नसलेल्या शेतांत खुरपणी वाढली ती स्त्रियांची.

म्हणून ही पद्धत लावणीनंतर लगेच सुरू करू नये. पहिले दोन ते तीन आठवडे पाणी ठेवून तण दबू द्यावे. लावणी ओळीत करून हातकोळपे चालविता येईल एवढे अंतर सोडावे, आणि कोळपे विकत घेण्यापूर्वी जी ते चालविणार आहे तिच्या हातात देऊन दांड्याची उंची व वजन तपासावे. पंपाचा जो खर्च वाचेल त्यातून निंदणीची मजुरी द्यावी, आणि पहिल्या वर्षी एकाच खाचरात प्रयोग करून दोन्ही बाजूंचे तास वहीत मांडावेत.

प्रश्न: उन्हाळ्यातील कामांबाबत काही वेगळी काळजी घ्यावी का?

होय. वाकून करायची कामे सकाळी लवकर उरकावीत आणि सावली व पिण्याचे पाणी शेतातच ठेवावे. गरोदर स्त्रीला भर उन्हातील काम देऊ नये. शौचाची सोय नसल्यामुळे अनेक स्त्रिया दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात आणि उष्माघाताचा धोका ओढवून घेतात, म्हणून बांधावर आडोसा उभारणे हाही उष्णतेपासून संरक्षणाचाच उपाय समजावा. फवारणी करणाऱ्याने उकाड्यामुळे हातमोजे व मुखपट्टी काढून ठेवू नयेत. त्याऐवजी फवारणीचीच वेळ बदलावी. त्याचे कपडे धुणाऱ्या व्यक्तीनेही हातमोजे वापरावेत आणि ते कपडे घरातील इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत.