दारू घेतली नाही तर झोप लागत नाही?

मित्रा, वडील गेल्यावर मीही हेच म्हणायचो. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण अंमल उतरताना मेंदू उलट चाळवतो आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. त्या वेळी दुःख दुप्पट होऊन उशाशी बसलेलं असतं. आपल्याला वाटतं आठवण छळतेय. त्यातली निम्मी दारूच असते.

एक मात्र नीट ऐक. रोज भरपूर पीत असशील तर 'उद्यापासून एकदम बंद' अशी शपथ घेऊ नकोस. आधी डॉक्टरांना गाठ. अचानक तोडली की पहिल्या २-३ दिवसांत हात थरथरतात, भास होतात, कधी फिट येते. जिवावर बेतू शकतं. (मला हे कुणी सांगितलं नव्हतं.) झोपेची गोळी चालू असेल तर तीही लपवू नकोस.

बाकी संध्याकाळी तलफ येते तो एक तास सांभाळ. माझा सात ते आठ. तेव्हा कुणाला तरी फोन करायचो, नाहीतर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग. १९३५ साली दोन पिणाऱ्यांच्या गप्पांतून सुरू झालेली, दारू सोडू पाहणाऱ्यांची ही चळवळ. फी नाही, आडनावही विचारत नाहीत. पहिल्या दिवशी बोलला नाहीस तरी चालेल. रडलास तरी.