परदेशातून पत्ते मागवताना
खेळायच्या पत्त्यांच्या संग्रहाला सुरुवात करताना केवळ छापील किंमत पाहून मागणी नोंदवू नका, कारण अमेरिकेतून पत्त्यांचा एकच कॅट (जोड) मागवला तर वाहतूकखर्च बहुधा त्याच्या किमतीहून अधिक होतो आणि भारतात सीमाशुल्क आकारताना मालाच्या किमतीत वाहतूक व विमा यांचा खर्चही मिळवला जातो. एक कॅट साधारण १०० ग्रॅमचा असतो. संग्राहक ज्याला ‘ब्रिक’ म्हणतात तो १२ कॅटांचा गठ्ठा सव्वा किलोच्या आसपास भरतो. वाहतूकखर्च वाटला जावा म्हणून दोघातिघांनी मिळून मागणी करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. मात्र कुरिअर कंपन्या खोक्याच्या आकारमानावरूनही वजन धरतात, तेव्हा नेटके पॅकिंग करण्यास विक्रेत्याला आधीच सांगावे.

‘साठा संपला’ हे वाचून घाईने दुप्पट पैसे मोजू नका. १८८५ पासून निघणाऱ्या ‘बायसिकल’ या अमेरिकी पत्त्यांच्या ब्रँडचा नेहमीचा ‘रायडर बॅक’ (पाठीवर सायकलस्वाराची नक्षी असलेला) कॅट पुन्हा पुन्हा छापला जातो. मर्यादित आवृत्ती मात्र संपली की बहुधा पुनर्विक्रेत्यांकडेच शोधावी लागते, आणि तेथे संयम फार उपयोगी पडतो. आगाऊ नोंदणीचा कॅट व उपलब्ध कॅट एकाच मागणीत घालू नका, कारण अनेक दुकाने सर्व वस्तू हाती येईपर्यंत पार्सल रवाना करत नाहीत.