लहान स्टोव्ह घ्या आणि तो ढणढणीत जाळा

प्रश्न : आम्ही लीड्समध्ये जुन्या टेरेस घरात (भिंतीला भिंत लागून ओळीने बांधलेल्या घरांपैकी एकात) राहतो. पुढच्या खोलीतली शेकोटी आधीच्या मालकाने फळी लावून बंद केली होती. तिथे लाकडाचा स्टोव्ह बसवायचा विचार आहे. आमचा रस्ता स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे धुरावर निर्बंध असलेल्या भागात, येतो असं शेजारच्या बाई म्हणाल्या. दुकानदाराने ८ किलोवॅटचा स्टोव्ह दाखवला आणि 'हा इकोडिझाइन आहे, कुठेही चालतो' असं सांगितलं. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उंची २.४ मीटर. घ्यावा का?
– एक वाचक भगिनी, लीड्स

उत्तर : ताई, अजून पैसे भरले नसतील तर थांबा. दुकानदाराचं ते वाक्य अर्धवट आहे, आणि ८ किलोवॅट हा आकडा तर तुमच्या खोलीला मुळीच झेपणारा नाही.

आधी त्या वाक्याबद्दल. इकोडिझाइन आणि स्मोक कंट्रोल एरियातली सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ जानेवारी २०२२ पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या लाकडी स्टोव्हला इकोडिझाइनचे, म्हणजे कमी प्रदूषण आणि जास्त कार्यक्षमतेचे, निकष पाळावेच लागतात, त्यामुळे तो शिक्का म्हणजे काही खास गुण नव्हे. ती चाचणी स्टोव्ह त्याच्या ठरलेल्या ताकदीने जळत असताना होते. स्मोक कंट्रोल एरियात लाकूड जाळायचं तर स्टोव्ह 'एक्झम्प्ट अप्लायन्स' (सूट मिळालेलं उपकरण) म्हणून डेफ्राच्या, म्हणजे सरकारच्या पर्यावरण खात्याच्या, यादीत असावा लागतो, आणि त्यासाठीच्या चाचणीत आच कमी केल्यावरही धूर मर्यादेत राहतो का हे बघतात. घराघरांत धूर होतो तो नेमका आच कमी केल्यावर, म्हणून तुमच्या दृष्टीने हीच चाचणी महत्त्वाची.

ती यादी डेफ्राच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. दुकानातून मॉडेलचं पूर्ण नाव लिहून आणा आणि घरी बसून यादीत शोधा. नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. एकच मॉडेल काही कंपन्या दोन प्रकारांत विकतात, एक साधं आणि एक 'स्मोक कंट्रोल किट' लावलेलं. किट म्हणजे बहुतेक वेळा एक छोटासा अडसर असतो, हवेची पट्टी पूर्ण बंद होऊ न देणारा. दुकानातल्या स्टोव्हची वरची हवेची दांडी स्वतःच्या हाताने सरकवून बघा. ती शेवटपर्यंत न जाता अलीकडेच अडली तर तो अडसर तिथे आहे. यादीत मॉडेलपुढे कुठलं इंधन आणि कोणत्या अटी हेही दिलेलं असतं, तेही वाचा.

तुमचा रस्ता खरंच त्या हद्दीत आहे का हे शेजाऱ्यांच्या सांगण्यावर सोडू नका, काउन्सिलकडून खात्री करून घ्या. इंग्लंडमध्ये अशा भागात चिमणीतून धूर निघाला तर ३०० पौंडांपर्यंत दंड होतो. सूट नसलेल्या शेकोटीत जाळण्यासाठी परवानगी नसलेलं इंधन विकत घेतलं तर १,००० पौंडांपर्यंत. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिथल्या वाचकांनी आपापल्या काउन्सिलला विचारावं.

दंडाच्या भीतीपोटीच नियम पाळावा असं मला वाटत नाही. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं बसलं. त्यात सुमारे ४,००० माणसं गेली असा तेव्हाचा अंदाज होता, पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यानंतर सर ह्यू बीव्हर यांच्या समितीने अहवाल दिला आणि १९५६ चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला. आजचा १९९३ चा कायदा त्याच वाटेवरचा. आपण ज्या हवेत मुलांना शाळेत सोडायला जातो, ती हवा या नियमांमुळे श्वास घेण्याजोगी राहिली आहे.

आता ८ किलोवॅटकडे येतो. खोलीचं घनफळ काढा: ५ गुणिले ४ गुणिले २.४ म्हणजे ४८ घनमीटर. आमच्या स्टोव्ह बसवण्याच्या धंद्यात ठोकताळा असा की त्याला १४ ने भागायचं. येतात साधारण साडेतीन किलोवॅट. खिडक्या जुन्या, भिंती गार असतील तर ४, फार तर ५. तुमच्या खोलीत ८ किलोवॅटचा स्टोव्ह नीट पेटवलात तर अर्ध्या तासात दारं उघडून बसावं लागेल. मग काय होतं? माणूस हवेची दांडी ओढून आच कमी करतो.

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं, मग वायू सुटतात. लाकडाचा मोठा हिस्सा असा वायू होऊनच बाहेर पडतो, आणि काचेमागे दिसणारी ज्वाळा म्हणजे तो वायू जळतानाची ज्वाळा. स्टोव्हच्या पोटात उष्णता आणि पुरेशी हवा असेल तर तो सगळा जळून जातो. हवा तोडली की तोच वायू न जळता धूर होऊन वर जातो, आणि गार चिमणीच्या भिंतीला डांबरासारखा चिकटतो. चुलीपाशी बसलेल्या कुणालाही हे माहीत आहे. फुंकणीने हवा मिळाली की जाळ होतो, नाही तर सरपण नुसतं धुमसतं.

मी यॉर्कशरमध्ये एकोणीस वर्षं स्टोव्ह बसवले. सुरुवातीच्या काळात एका जोडप्याच्या छोट्या बैठकीत, त्यांच्या आग्रहाखातर, मी मोठा स्टोव्ह बसवून दिला. त्यांना मोठी काच हवी होती. नको म्हणायला हवं होतं, मी म्हटलं नाही. दोन हिवाळ्यांनंतर त्यांनी बोलावलं: काच काळी होते, खोलीत वास येतो. मी स्टोव्हवरचा पाइप सोडवला. आतून तो रोगण लावल्यासारखा काळा चकाकत होता. बोट लावलं तर चिकट, आणि त्या जळकट वासाने घसा धरला. ते दोघं रोज रात्री झोपताना दोन मोठे ओंडके टाकून हवा बंद करत होते, सकाळपर्यंत ऊब टिकावी म्हणून. मी निघालो तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. त्यांना फुप्फुसाचा आजार होता. वरच्या खोलीच्या खिडकीच्या फटीत ते रोज रात्री ओला टॉवेल खुपसून झोपत होते. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, म्हणून जास्त लागलं. पुढच्या महिन्यात तो स्टोव्ह काढून मी ४ किलोवॅटचा बसवून दिला, मजुरी घेतली नाही. त्या दिवसानंतर खोली मोजल्याशिवाय मी कुणालाही मॉडेल सुचवलं नाही.

म्हणून ताई, ४ ते ५ किलोवॅटचा, यादीतला स्टोव्ह घ्या. छोट्या स्टोव्हचा आणखी एक फायदा: जुन्या, हवा खेळती असलेल्या घरात ५ किलोवॅटपर्यंत भिंतीत कायमचं हवेचं भोक पाडावं लागत नाही. त्यावरच्या प्रत्येक किलोवॅटला ५५० चौरस मिलिमीटर लागतं, म्हणजे त्या ८ किलोवॅटच्या स्टोव्हसाठी पुढच्या खोलीत १,६५० चौरस मिलिमीटरचं, कधीही बंद न करता येणारं भोक आलं असतं. घर अगदी नवं आणि हवाबंद असेल तर हिशेब वेगळा होतो, ते बसवणारा सांगेल.

यादीतल्या यादीत निवडताना धुराचा आकडा विचारा. सूट मिळण्याची मर्यादा ताशी ५ ग्रॅम आणि वर ताकदीनुसार थोडी भर अशी आहे. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ती ताशी ३ ग्रॅमवर आणण्याचं जाहीर केलं. तेव्हा ज्याचा आकडा आजच ३ च्या बऱ्यापैकी खाली आहे तोच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. लोखंड ओतीव की पत्र्याचं, रंग कुठला, हे तुमच्या आवडीवर.

बसवणं स्वतः करू नका. हेटासकडे (स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी असलेला माणूस बोलवा, काम झाल्यावर तो प्रमाणपत्र देतो आणि घर विकताना वकील ते मागतात. तुमची शेकोटी बंद होती, तेव्हा आधी चिमणी साफ करून तपासून घ्या. पक्ष्यांची घरटी, सुटलेल्या विटा, काहीही असू शकतं. जुन्या चिमणीत स्टीलचा लायनर, म्हणजे धूर वर नेणारी आतली नळी, घालावा. फक्त सुकं लाकूड जाळणार असाल तर ३१६ ग्रेड चालतो, अधूनमधून स्मोकलेस कोळसा टाकणार असाल तर ९०४ घ्या. लायनर, फरशी आणि मजुरी मिळून खर्च बऱ्याचदा स्टोव्हपेक्षा जास्त होतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कायद्यानेच लागतो. तो छताला लावला तर भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर, आणि स्टोव्हपासून १ ते ३ मीटरच्या आत.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाला दमा आहे. गॅसचं सेंट्रल हीटिंग व्यवस्थित चालतं. पण हिवाळ्यात बैठकीत विस्तव असावा असं फार वाटतं. सगळ्यात कमी धुराचा स्टोव्ह कोणता?
– एक वाचक, लंडन

उत्तर : दादा, तुमच्या घरात स्टोव्ह नको. यादीतला सगळ्यात चांगला स्टोव्हसुद्धा गॅस बॉयलरपेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्म कण हवेत सोडतो, आणि लाकूड टाकायला दार उघडलं की त्यातले थोडे खोलीतही येतात. ज्या घरात दुसरं हीटिंग नाही तिथे मी वेगळा विचार केला असता. तुमच्याकडे ते आहे. विस्तवापाशी बसायची ओढ मला कळते, माझंही घर त्याच्याशिवाय अपुरं वाटतं, पण मुलाच्या छातीपुढे तिला जागा नाही. तरीही मन मानत नसेल तर आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला, दुकानदाराशी नंतर.

प्रश्न : आमच्याकडे यादीतलाच स्टोव्ह आहे, तरी शेजारी धुराची तक्रार करतात. मागच्या वसंतात वादळात पडलेल्या ओकची लाकडं मित्राने फुकट दिली, तीच जाळतोय. वरून कोरडी दिसतात. चूक कुठे होते?
– एक वाचक, ब्रिस्टल

उत्तर : चूक त्या ओकमध्ये आहे. वरून कोरडं दिसणारं लाकूड पोटात ओलं असतं, आणि ओकला तर फोडून, वारा लागेल असं रचून ठेवल्यावर निदान दोन वर्षं लागतात. अ‍ॅश त्यामानाने लवकर सुकतो.

दोन सुयांचा ओलाव्याचा मीटर विकत घ्या, स्वस्त असतो. लाकडाच्या टोकाला किंवा सालीवर मीटर लावलात तर तो फसवेल. ओंडका कुऱ्हाडीने उभा फोडा आणि नुकत्या उघड्या झालेल्या पृष्ठभागावर, मधोमध, सुया टोचा. आकडा २० टक्क्यांच्या आत पाहिजे. किलोभराच्या लाकडात २० टक्के ओलावा म्हणजे २०० ग्रॅम पाणी, तुमच्या ओकमध्ये ते ४०० ग्रॅमच्या आसपास असलं तरी मला नवल वाटणार नाही. एवढं पाणी उकळवण्यातच विस्तवाची ताकद जाते, पेटी तापत नाही, आणि मग कितीही चांगला स्टोव्ह असला तरी धूर होणारच.

तो ओक टाकू नका. फोडा, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या अशा जागी रचा, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मीटर लावा, गरज वाटली तर त्याच्या पुढच्या. तोवर 'रेडी टू बर्न'चा शिक्का असलेलं लाकूड आणा. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये २ घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकलं जाणारं लाकूड २० टक्क्यांच्या आतलंच असावं लागतं. रंगवलेल्या फळ्या, जुन्या फर्निचरचे तुकडे, समुद्रावरून वाहून आलेलं लाकूड, यातलं काहीही टाकू नका.

पेटवायची पद्धतही बदलून बघा. मोठी दोन लाकडं खाली, त्यावर आडव्या ढलप्या, आणि काडी सगळ्यात वर. आग वरून खाली सरकते, त्यामुळे खालून सुटणारा वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातो. पहिली पंधरा-वीस मिनिटं हवा पूर्ण उघडी ठेवा. नंतर एका वेळी एकच लाकूड टाका, निखारे लाल असतानाच, आणि ते पेटेपर्यंत हवा पुन्हा उघडी. रात्रभर धुमसत ठेवणं कायमचं बंद करा. राख रोज पूर्ण काढू नका, दोन-अडीच सेंटिमीटरचा थर राहू द्या, लाकूड त्यावर छान जळतं. चिमणी वर्षातून दोनदा साफ करून घ्या.

आणि पेटवल्यावर वीस मिनिटांनी कोट चढवून रस्त्याच्या पलीकडे जाऊन आपल्या धुराड्याकडे बघा. वर नुसती हवा थरथरताना दिसली तर सगळं ठीक. करडा पट्टा दिसला तर आत येऊन हवा उघडा, लहान सुकं लाकूड टाका आणि दहा मिनिटांनी पुन्हा जाऊन बघा. एकदा त्या तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांनाही बरोबर घेऊन जा.