घरासाठी दमदार आणि किमतीच्या मानाने चांगला ब्लेंडर कोणता: ७५० वॉटचा आपला मिक्सर की १४०० वॉटचा परदेशी?

तुम्ही विचारले आहे की चार माणसांच्या घरात रोजचे वाटण, चटण्या, इडलीचे पीठ आणि अधूनमधून फळांची स्मूदी एवढ्या कामांसाठी एकच यंत्र घ्यायचे असेल, तर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून १४०० वॉटचा ब्लेंडर मागवावा की इथलाच ७५० वॉटचा मिक्सर घ्यावा, आणि जास्त वॉट म्हणजे जास्त ताकद हे खरे का. माझे उत्तर असे की तीन स्टीलच्या जारचा ७५० वॉटचा मिक्सर घ्यावा. वॉटविषयीचे ते विधान अर्धेच खरे आहे. हाच वाद मी माझ्या सासरी इतकी वर्षे ऐकत आले आहे की मला थोडक्यात लिहिणे शक्य नाही.

माझ्या वडिलांचे इचलकरंजीत मोटार वाइंडिंगचे, म्हणजे जळलेल्या मोटारींतल्या तारा नव्याने गुंडाळून देण्याचे दुकान होते. यंत्रमागाच्या मोटारी हे तिथले मुख्य काम, पण एका फळीवर घरगुती मिक्सर कायम दुरुस्तीसाठी येऊन पडलेले असत. शाळा सुटली की मी दुकानात बसत असे, आणि कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) बदलणे, कपलर (मोटार आणि जार यांना जोडणारी चकती) काढून नवा बसवणे, जळलेले आर्मेचर (मोटारीचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) वासावरून ओळखणे या गोष्टी मी तिथेच शिकले. माझ्या लग्नात रुखवतात ठेवण्यासाठी वडिलांनी जो मिक्सर निवडला, तो त्यांनी दुकानदाराच्या परवानगीने बुडाचे स्क्रू काढून आतून पाहिला होता. वाइंडिंग तांब्याचे आहे ना, आर्मेचर पुरेसे लांब आहे ना आणि जारचे बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) घट्ट बसलेले आहेत ना, हे पाहूनच त्यांनी पैसे दिले. तो मिक्सर ५०० वॉटचा होता. रुखवत पाहायला आलेल्यांपैकी काहींना तो फारच साधा वाटला, आणि मोटारींच्या दुकानदाराने मुलीला एवढाच मिक्सर द्यावा, असे बोलले गेले. ते माझ्या कानावर आले आणि मला ते फार लागले.

माझे थोरले दीर अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. एका वर्षी जुलैत ते पुण्याला आले, तेव्हा त्यांनी आमच्यासाठी तिथला एक मोठा ब्लेंडर आणला. त्याच्या खोक्यावर तीन हॉर्सपॉवर लिहिले होते आणि बुडाच्या पट्टीवर १२० व्होल्ट, १४०० वॉट. सोबत त्यांनी २३० व्होल्टचे १२० करणारा ट्रान्सफॉर्मरही आणला होता, परंतु तो १००० वॉटचा होता. मी पट्टी वाचून तेव्हाच सांगितले की हा भार त्याला पेलणार नाही. केळे आणि दूध त्यात सहज फिरले, तेव्हा भाऊजी म्हणाले, "बघ, तू उगाच घाबरतेस." दुसऱ्या दिवशी बर्फ आणि गोठवलेला आंबा घातल्यावर ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला. मग यजमानांनी पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, २००० वॉटचा ट्रान्सफॉर्मर आणला, जो खुद्द ब्लेंडरपेक्षा जड होता. हे सगळे मी एवढ्यासाठी लिहीत आहे की पुढे जे घडले त्याचा दोष कोणी अपुऱ्या विजेला देऊ नये.

आखाडातला रविवार होता आणि घरात वीसेक माणसे जेवायला होती. मी कोल्हापूरकडची असल्यामुळे तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से माझ्याकडेच होते. पांढऱ्यासाठी ओले खोबरे, काजू, खसखस आणि तीळ हे भरपूर पाण्याबरोबर ब्लेंडरमध्ये घातले, आणि मी मोकळेपणाने सांगते की नारळाचे इतके दाट आणि गुळगुळीत दूध मी त्याआधी कधी काढले नव्हते. चोथा जवळजवळ उरलाच नाही. भाऊजींना फार आनंद झाला आणि त्यांनी तांबड्याचे वाटणही त्यातच करण्याचा आग्रह धरला.

तांबड्याचे वाटण ही वेगळी गोष्ट आहे. भाजलेले सुके खोबरे, तेलावर परतलेला कांदा, लसूण, आले, तीळ, कोथिंबीर हे सगळे जेमतेम दोन-तीन चमचे पाण्यावर वाटले जावे लागते, कारण वाटणात जेवढे पाणी जास्त, तेवढे ते कढईत आटवत बसावे लागते आणि तोवर तेल सुटत नाही. ब्लेंडरच्या उंच भांड्यात हा माल घातल्यावर पहिल्या काही सेकंदांत तो चारी बाजूंच्या भिंतींना जाऊन चिकटला, पात्याभोवती पोकळी झाली आणि पाते नुसते हवेत गरगरू लागले. माल खाली दाबण्यासाठी सोबत आलेला दांडा वापरून पाहिला, परंतु तो पात्याला लागू नये म्हणून मुद्दाम आखूड केलेला असतो आणि भांड्याच्या तळाशी असलेल्या थोड्या मालापर्यंत पोहोचतच नाही. भाऊजी म्हणाले, "पाणी घाल." मी घातले. माल वाटला गेला, पण पळीवाढा झाला, आणि कढईत ओतल्यावर तो इतका वेळ उडत राहिला की बाजूला कोणाला उभे राहता येईना. उरलेला निम्मा मसाला मी रुखवतातल्या मिक्सरच्या चटणीच्या जारमध्ये घातला, मध्ये एकदा चमच्याने खाली ओढला, आणि दोन चमचे पाण्यावर तो लोण्यासारखा झाला. त्यावर भाऊजींचे म्हणणे एवढेच होते की मला ब्लेंडर वापरता येत नाही, कारण ५०० वॉट १४०० वॉटला हरवूच शकत नाहीत. तेव्हापासून ते प्रत्येक भेटीत हे बोलून दाखवतात.

यात हरवण्याचा प्रश्नच नाही. पट्टीवरचे वॉट म्हणजे यंत्र पूर्ण भाराखाली भिंतीतल्या सॉकेटमधून किती वीज ओढते त्याचा आकडा आहे. त्यातली किती पात्यापर्यंत पोहोचते आणि किती मोटार तापवण्यात जाते, हे त्या आकड्यात दिसत नाही. शिवाय पात्याला माल लागतच नसेल, तर १४०० वॉटचे यंत्र १४०० वॉट घेतही नाही, ते नुसते आवाज करते. खोक्यावरच्या हॉर्सपॉवरची गोष्ट तर आणखी उघड आहे. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, म्हणून तीन म्हणजे सव्वादोन हजारांच्या जवळ. अमेरिकेतला नेहमीचा सॉकेट १२० व्होल्टचा आणि १५ अँपिअरचा असतो, म्हणजे तो १८०० वॉटच्या वर देऊच शकत नाही. मग तीन हॉर्सपॉवर येतात कुठून? तो आकडा क्षणभराच्या कमाल जोराचा असतो, सतत चालण्याचा नसतो. हा गुणाकार मी भाऊजींना कागदावर करून दाखवला आहे.

फरक पडतो तो भांड्याच्या घडणीने. ब्लेंडरचे भांडे तळाशी अरुंद आणि वर रुंद असते, जेणेकरून पातळ पदार्थाचा भोवरा होऊन सगळा माल पुन्हा पुन्हा मधून खाली पात्यावर यावा. भोवरा व्हायला पाणी लागते. आपल्या मिक्सरचा चटणीचा जार बुटका, सपाट बुडाचा असतो, त्याचे पाते तळाला लागून आणि भिंतीच्या जवळपर्यंत फिरते, त्यामुळे मूठभर कोरडा मालही पात्याच्या वाटेतून सुटत नाही. या दोन घडणींना इतिहास आहे. भांड्याच्या तळाशी फिरते पाते बसवण्याची कल्पना अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रॅसीन गावी स्टीफन पोप्लॉव्स्की यांनी १९२२ मध्ये आणली, ती सोडा फाउंटनवरची, म्हणजे तिथल्या थंड पेयांच्या दुकानांतली, माल्ट घातलेली दुधाची पेये घुसळण्यासाठी. आपल्याकडे १९६३ मध्ये माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर स्वयंपाकघरात बंद पडला आणि त्यांचे अभियंता पती सत्यप्रकाश माथुर यांनी भारतीय दळण-वाटणाला टिकेल असे यंत्र बनवायला घेतले. त्यातून सुमीत मिक्सर आला. ज्या कामासाठी आपला मिक्सर मुद्दाम घडवला गेला, तेच काम पेये घुसळणाऱ्या यंत्राकडून करून घ्यायचे आणि ते झाले नाही की बाईला यंत्र कळत नाही असे म्हणायचे, हे मला मान्य नाही. स्कूटर घेताना सीसी, मायलेज आणि सर्व्हिस सेंटर यांची चार दिवस चर्चा करणारी माणसे मिक्सर मात्र खोक्यावरचा एक आकडा पाहून घेतात.

आता तुमच्या खरेदीविषयी. मान्यवर कंपनीचा ७५० वॉटचा चांगला मिक्सर साधारण तीन ते सहा हजारांत येतो, आणि चार माणसांना तो पुरतो. मी ५०० वॉट का सुचवत नाही असे विचाराल, तर तुम्हाला इडलीचे पीठही त्यातच वाटायचे आहे, आणि भिजवलेल्या उडदाचे घट्ट पीठ मोटारीला सर्वांत जड जाते. १००० वॉटचा घेतलात तर बिघडत नाही, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा जार नीट पाहा. स्टील ३०४ प्रतीचे आहे का, बूड जाड आहे का, पाते हाताने फिरवल्यावर डुगडुगते का, झाकणाचे रबर घट्ट बसते का हे दुकानातच तपासा. सर्वांत लहान जार सर्वांत आधी पाहा, कारण मराठी घरात रोज तोच वापरला जातो आणि कंपन्या नेमकी त्यातच काटकसर करतात. वाइंडिंग तांब्याचे आहे का ते विचारा. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीची तार अधिक तापते. बुडाशी ओव्हरलोडचे लाल बटण आहे ना ते पाहा. मिक्सर मध्येच बंद पडला की लोक तो थेट दुरुस्तीला नेतात, आणि वडील कित्येकदा ते बटण दाबून एक पैसाही न घेता तो परत देत असत. कपलर प्लास्टिकचा असतो म्हणून नाक मुरडू नका. पाते अडकले तर मोटारीऐवजी कपलर तुटावा यासाठीच तो तसा असतो, आणि तो स्वस्तात मिळतो. तुमच्या गावात त्या कंपनीचे कपलर, बुश आणि कार्बन सुटे मिळतात का, याची चौकशी घेण्याआधी करा. जो मिक्सर कार्बनअभावी पडून राहतो, तो कितीही वॉटचा असला तरी महागच पडला.

वापरताना पट्टीवरची वेळ पाळा. पुष्कळ मिक्सरांवर ३० मिनिटांचे रेटिंग असते, आणि त्यात पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे विश्रांती धरलेली असते. जार निम्म्याहून फार वर भरू नका. पीठ वाटताना बर्फाचे पाणी घाला, कारण वाटताना पीठ तापले तर आंबवण नीट येत नाही. शेंगदाण्याचे कूट सलग फिरवू नका, बटण उलटीकडे झटका देत फिरवा, नाहीतर दाण्यांना तेल सुटून गोळा होतो.

ब्लेंडरवर अन्याय होऊ नये म्हणून हेही लिहिते. तुमच्या घरी रोज गोठवलेल्या फळांची स्मूदी, बदामाचे दूध, सूप किंवा सोलकढीसाठी नारळाचे दूध मोठ्या प्रमाणात होत असेल, तर ब्लेंडर हे काम मिक्सरपेक्षा खरोखरच चांगले करतो, आणि परवडत असल्यास तो मिक्सरच्या जोडीला घ्यावा, जागी नव्हे. मागवायचाच असेल तर २३० व्होल्टचा मागवा. लहान बंद कपांचे जे ब्लेंडर मिळतात, त्यांत गरम सूप कधीही फिरवू नका, कारण वाफेला बाहेर पडायला वाट नसते आणि झाकण उडून माणूस भाजतो. आणि घरात माणसे जास्त असून आठवड्यातून दोन-तीनदा इडली-डोसे होत असतील, तर मिक्सर आणि ब्लेंडर दोन्ही बाजूला ठेवून दगडी वेट ग्राइंडरचा विचार करा.

जे मराठी वाचक अमेरिकेत राहतात, त्यांच्यासाठीही हाच सल्ला आहे. काही भारतीय कंपन्या तिथल्या विजेवर चालणारे मिक्सर बनवतात आणि ते तिकडे विकत मिळतात. माझ्या जाऊबाईंनी असा एक घेतला आहे आणि त्यांच्या घरचे वाटण आता त्यातच होते. भाऊजी अजूनही ते वॉट कमी असल्याचे सांगतात, तेव्हा माझे त्यांना एवढेच सांगणे आहे की त्यांनी दोन्ही यंत्रांत एकदा स्वतः, पाणी न वाढवता, सुक्या खोबऱ्याचे वाटण करून पाहावे.