इंजिन 'सुव्यवस्थित' कसं असेल?

प्रश्न आलाय: "१९३०च्या दशकातल्या अमेरिकी रेल्वेच्या 'स्ट्रीमलाइन्ड' डिझेल इंजिनांच्या संकल्पनाचित्रांवर लेख लिहितोय. 'सुव्यवस्थित डिझेल इंजिन' म्हटलं तर चालेल का?"

नाही चालणार. 'स्ट्रीमलाइन्ड' म्हणजे वारा न अडता अंगावरून सरकून जावा असा गुळगुळीत, निमुळत्या बांध्याचं. सुव्यवस्थित कपाट असतं. यंत्रानं केलेल्या भाषांतरांतून हा शब्द मोकाट सुटलाय आणि हल्ली मोटारीपासून विमानापर्यंत जे ते सुव्यवस्थित. 'प्रवाही' तर त्याहून वाईट. प्रवाही असतं ते टाकीतलं डिझेल.

खरी गंमत मूळ शब्दाच्या पोटात आहे. 'स्ट्रीम' हा आपल्या 'स्रोत'चा भाऊबंद. 'स्रवणे' त्याच घरचं. आणि 'लाइन'? लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस, चटणीत घालतो तेच, आणि 'लिनेआ' म्हणजे त्याच्या तंतूचा दोरा. दोरा ताणला की रेघ! आपल्याकडे हेच कापसाच्या दोऱ्यानं झालं: गवंडी भिंत 'सुतात' आहे म्हणतो, आणि सुतार तर मुळातला 'सूत्रधार'. काही पंडित या दोऱ्याला किरकोळ तपशील समजून बाजूला सारतात. त्यांनी भिंतीला कधी दोरी लावून पाहिलेली नसावी.

मी तर म्हणतो, या इंजिनांत दोराच खरा, स्रोत नावापुरता. १९३४ची बर्लिंग्टन झेफर गाडी डेन्व्हरहून शिकागोला सुमारे १,६३३ किलोमीटर न थांबता १३ तास ५ मिनिटांत गेली, हे सगळे सांगतात. तिच्या स्टेनलेस स्टीलच्या अंगावरून मागेपर्यंत धावणाऱ्या आडव्या पन्हळींबद्दल कोणी बोलत नाही. १९३७ साली सांता फे रेल्वेच्या इंजिनांसाठी जनरल मोटर्सचे चित्रकार लेलंड निकरबॉकर यांनी रंगयोजना आखली. नाक लालभडक, तो लाल दोन्ही बाजूंनी वळून मागे निमुळता होत जातो, कडेला पिवळी-काळी रेघ, बाकी अंग चंदेरी. ती रेघ हातानं झाकून बघा, निम्मा वेग तिथेच गळतो. वाऱ्याला रंग दिसत नाही. गाडी विकत घेणाऱ्या रेल्वेच्या साहेबांना दिसतो.

हां, तर शब्द. 'धारारेखित' पाठ्यपुस्तकात शोभतो, चित्राखाली वाचताना जीभ अडखळते. 'वायुगतिकीय' लिहाल तर वाऱ्याला नको तेवढं श्रेय जाईल. मी 'ओघवत्या बांध्याचं इंजिन' लिहितो. यावर "ओघवती फक्त शैली असते" अशी हरकत व्याकरणवाले घेतातच. शैलीला ओघ कुठून आला? पाण्याकडूनच ना? मग इंजिनानं काय घोडं मारलंय?

'संकल्पनाचित्र' मात्र बरोबर आहे, तेच ठेवा. 'कल्पनाचित्र' करू नका.