बोल्ड सॅन्स सेरिफ फॉन्ट सॉफ्टवेअरमध्ये तिरका केला की झालं का इटॅलिक?

तुम्ही विचारलंय की पोस्टरच्या हेडिंगसाठी एक जाड सॅन्स सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा नसलेला फॉन्ट) आवडलाय पण त्याचं इटॅलिक, म्हणजे तिरकं रूप, मिळत नाहीये, मग तोच १२ अंश तिरका केला तर काय बिघडतं. बिघडतं, आणि फॉन्ट जितका जाड तितकं जास्त बिघडतं.

करूनच बघा. इंग्रजी कॅपिटल ओ घ्या, चांगला जाडजूड, आणि कलवा. वर उजवीकडे आणि खाली डावीकडे तो जाड होतो, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक, १२ अंशालाच दोन्हीकडे साधारण १० टक्क्यांचा फरक पडतो. एसचं तर आणखी वाईट कारण त्याचा मधला वळसा नेमका जाड होणाऱ्या दिशेनंच उतरतो, त्यामुळे अक्षर मध्येच सुजल्यासारखं दिसतं. मराठी शब्द असेल तर ठ किंवा व चं पोट बघा, तिथेही हेच. बारीक मजकुरात हे खपून जातं हो, पण डिस्प्ले फॉन्ट म्हणजे हातभर अक्षर, तिथे लपायला जागाच नाही.

मी अक्षरं काढायचंच काम करतो. तिरकं करणं ही फक्त सुरुवात असते, नंतर गोलाईचा एकेक पॉइंट परत बसवावा लागतो, उभ्या काठ्या किंचित बारीक झालेल्या असतात त्यांना जाडी परत द्यावी लागते. एका एसवर माझी अख्खी दुपार गेलीये, प्रिंट काढायचा, भिंतीला लावायचा, लांबून बघायचा, मग उलटा लावून बघायचा (उलटं केलं की वाचणं थांबतं आणि नुसता आकार दिसतो), परत बदलायचा. पण तो एस जमला ना की अख्खा शब्द पळायला लागतो, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

सॅन्स सेरिफमध्ये बहुतेक वेळा इटॅलिक म्हणजे असा दुरुस्त केलेला तिरका रोमनच (म्हणजे सरळ उभा फॉन्टच) असतो, त्याला ओब्लिक म्हणतात. गिल सॅन्ससारख्या फॉन्टच्या इटॅलिकमध्ये छोटा ए चक्क हाताने लिहितो तसा एकमजली होतो, पण तुमचं हेडिंग कॅपिटलमध्ये असेल तर तो प्रश्नच नाही.

वापराचं म्हणाल तर शब्द कमी ठेवा. अमेरिकन चित्रकार बार्बरा क्रूगरची लाल पट्टीवरची पांढरी वाक्यं आठवा, फ्युचुरा बोल्ड ओब्लिक फॉन्ट, मोजके शब्द, म्हणून ती अंगावर येतात. याच फॉन्टमध्ये परिच्छेद लावला तर वाचणारा दोन ओळींत दमेल. आणि दोन ओळी एकाखाली एक असतील तर डावी कड सरळ जुळवू नका, १२ अंशाला दर १०० पिक्सेल खाली गेल्यावर साधारण २१ पिक्सेल डावीकडे सरका म्हणजे दोन्ही ओळींच्या काठ्या एकाच तिरक्या रेषेत येतात, नाहीतर खालची ओळ घसरल्यासारखी वाटते.

जमलं तर इटॅलिक काढलेलीच फॉन्ट फॅमिली घ्या. हाच फॉन्ट हवा असेल आणि शब्द एकदोनच असतील तर आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे बदलता येणारे आकार करून), लायसन्समध्ये बदल चालतो का बघून, निदान ओ आणि एस तरी हाताने दुरुस्त करा.